आधी रस्ता, मग चाक

लाँगबोर्डचा, म्हणजे लांब स्केटबोर्डचा, रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार चाकांमुळे. फळी मेपलची असो की बांबूची, ट्रक, म्हणजे फळीखालचे चाकांचे आस, कितीही महागाचे असोत, चारही चाकांचा मिळून तळहाताहून लहान असा जो भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो, त्यावरच वेग, तोल, वळण आणि थांबणे ठरते. तरीही नवा बोर्ड घेणारा बहुतेक वेळा फळीचा आकार आणि तिच्यावरचे चित्र पाहतो. चाके जी बसवून येतील ती चालवतो. मग बोर्ड खडखडतो, चार ढकलण्यांत पाय भरून येतात किंवा उतारावर तो आवरत नाही, आणि दोष फळीला दिला जातो. खरे तर तीच फळी चाके बदलताच वेगळी वागू लागते.

चाकाकडून तीन निरनिराळी कामे हवी असतात. पहिले क्रूझिंग, म्हणजे फारसे श्रम न घेता, हादरे न खाता लांबवर रमतगमत जाणे. दुसरे ग्रिप, म्हणजे वेगात वळताना चाकाने रस्ता न सोडणे. तिसरे स्लाइड, म्हणजे चालवणाऱ्याने ठरवून चाके आडवी घसरवणे आणि त्या घर्षणाने वेग मारणे. ग्रिप आणि स्लाइड उघडच एकमेकांच्या विरोधात आहेत. क्रूझिंगचे ग्रिपशी बरेचसे जमते, पण वेगाने उतरण्यासाठी घडवलेले रुंद, जड चाक रोजच्या भटकंतीत ओझे होते. तिन्ही कामे सारखीच उत्तम करणारे चाक बाजारात नाही, त्यामुळे निवड करावीच लागते.

भोपाळमध्ये ही निवड विशेष महत्त्वाची ठरते, कारण या एकाच शहरात अगदी निरनिराळे रस्ते आहेत. कमला पार्क-रेतघाटाकडून मोठ्या तलावाच्या काठाने लालघाटीच्या दिशेला जाणारा व्हीआयपी रोड लांबलचक आणि बराचसा सपाट. पिपलानी, बरखेडा या भेल कारखान्याच्या वसाहतींतले अंतर्गत रस्ते रुंद, झाडांच्या सावलीतले. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स या टेकड्यांवरून उतरणारे रस्ते वळणांचे आणि काही ठिकाणी चांगलेच उताराचे. जुन्या शहरात चौक, इतवारा, जुमेरातीच्या बाजूला मात्र गर्दी, खड्डे आणि जागोजागी उकरून बुजवलेले चर. व्हीआयपी रोडवर सुखावणारे चाक इतवाऱ्यात दात हलवील, आणि सपाटीवर झकास पळणारे चाक श्यामला हिल्सच्या उतारावर वेळेवर घसरणार नाही.

आज चाक म्हटले की पॉलियुरेथेनचेच, पण ते नेहमी असे नव्हते. सुरुवातीच्या स्केटबोर्डांना आधी लोखंडी आणि नंतर मातीच्या मिश्रणाची भाजून कडक केलेली चाके असत. ती रस्त्याला धरत नसत. एक बारीक खडा आडवा आला की बोर्ड जागीच थांबे आणि माणूस पुढे फेकला जाई. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाला व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली युरेथेनची चाके दिसली. त्याने ती बोर्डला लावून पाहिली आणि पुढे कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकायला काढली. त्याच दशकाच्या मध्यावर ‘रोड रायडर’ चाकांबरोबर बंदिस्त बेअरिंग आले आणि सुटे छर्रे तेलात घोळत बसण्याची कटकट संपली. लाँगबोर्डवरून डोंगर उतरण्याचा खेळ या दोन बदलांमुळेच शक्य झाला.

पॉलियुरेथेन हे जर्मनीत ओट्टो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेले द्रव्य. पॉलिओल आणि डायआयसोसायनेट यांच्या संयोगातून ते बनते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र सोसलेल्या भोपाळकराला आयसोसायनेट म्हटल्यावर शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू कीटकनाशकासाठी वापरला जाई. चाकांसाठी लागणारी द्रव्ये त्याच रासायनिक कुळातली असली तरी वेगळी आहेत. कारखान्यात ती हाताळताना कडक काळजी घ्यावीच लागते; ओतून, तापवून पूर्ण पक्के झालेले चाक मात्र हातात धरायला निर्धोक असते.

चाकावर दोन आकडे छापलेले असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, ज्याच्यापुढे ‘ए’ हे अक्षर असते. कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाला ड्युरोमीटर म्हणतात आणि दुकानात त्या आकड्यालाही तेच नाव पडले आहे. अल्बर्ट शोअर यांच्या नावाच्या या मापपट्टीत आकडा जितका मोठा तितके चाक कडक. मोटारीच्या टायरचे रबर ६० ते ७० ए च्या आसपास भरते. लाँगबोर्डची चाके साधारण ७५ ते ८६ ए या पट्ट्यात येतात. स्केटपार्कमधल्या छोट्या बोर्डांची चाके याहून फार कडक, ९७ ते १०१ ए असतात. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘जनवार कॅसल’सारख्या सिमेंटच्या गुळगुळीत पार्कात तशी कडक, लहान चाके अगदी योग्य. याच गावच्या आशा गोंडने २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राला स्केटबोर्डिंगचे सुवर्ण मिळवून देणारी पुण्याची श्रद्धा गायकवाड हीसुद्धा अशाच छोट्या बोर्डाची खेळाडू. पण ती पार्कची चाके काढून भोपाळच्या डांबरी रस्त्यावर लाँगबोर्डला लावली, तर बोर्ड धड चालणार नाही आणि उतारावर धरणारही नाही.

कडकपणाचा परिणाम रस्त्यावर अवलंबून असतो, आणि इथेच पुष्कळांची समजूत चुकते. कडक चाक जास्त पळते असे सर्रास सांगितले जाते. गुळगुळीत फरशीवर ते खरे आहे, कारण मऊ चाक दर फेऱ्यात दबते आणि पुन्हा फुगते, आणि त्या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. खडी वर आलेल्या डांबरी रस्त्यावर मात्र हिशेब उलटतो. तिथे कडक चाक प्रत्येक खड्यावर माणसासकट सगळा बोर्ड किंचित वर उचलते, आणि तो हादरा पुढे जाण्याची ताकद खातो. मऊ चाक तोच खडा पोटात घेते आणि पुढे सरकते. आपल्याकडचे बहुतेक रस्ते दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यामुळे भोपाळमध्ये भटकंतीसाठी ७७ ते ७९ ए चे चाक ८५ ए च्या चाकापेक्षा आरामाचेही आणि वेगाचेही ठरते.

ग्रिपलाही मऊपणा पोषक असतो. मऊ युरेथेन रस्त्याच्या बारीक खाचांत शिरते आणि तिथे अडकून धरते. चाक कडक असेल तर ते खाचांच्या टोकांवरच टेकते आणि बाजूने जोर आला की सुटते. म्हणून स्लाइड शिकणाऱ्यांना ८० ते ८३ ए, क्वचित ८६ ए पर्यंतची चाके सुचवली जातात. ओरँगाटँग ही कंपनी एकाच साच्यातली चाके रंगांनी वेगळी करते: नारिंगी ८० ए, जांभळे ८३ ए, पिवळे ८६ ए. आकार तोच ठेवून फक्त कडकपणा बदलल्याने बोर्ड कसा बदलतो हे समजून घ्यायचे असेल, तर अशी चाके मित्रांत अदलाबदल करून पाहावीत.

मात्र ड्युरोमीटरचा आकडा म्हणजे सगळे नव्हे. पॉवेल-पेराल्टा कंपनीचे ‘स्नेक्स’ हे चाक अवघे ७५ ए चे, म्हणजे आकड्यावरून घट्ट धरणारे वाटावे. पण ते मुद्दाम मऊ घसरणीसाठी बनवलेल्या मिश्रणाचे आहे आणि रस्त्यावर रंगाच्या रेघा सोडत सहज घसरते. युरेथेनमध्ये काय किती घातले, ते कसे तापवले, दाबल्यावर ते किती चटकन मूळ आकारात येते, यातले काहीही चाकावर छापलेले नसते. स्वस्त बोर्डांवरची चाके आकड्यात बरोबर असूनही निर्जीव वाटतात ती यामुळे. हातात घेऊन फरशीवर टाकून पाहिले तर चांगले चाक टुणकन उसळते आणि हलक्या मिश्रणाचे धप्पकन पडते. ही चाचणी अचूक नाही, पण दुकानात तेवढीच करता येते.

व्यासाचे गणित सोपे आहे. ७० मि.मी. चाकाचा परीघ सुमारे २२ से.मी., म्हणजे एक किलोमीटर जायला त्याला साधारण ४,५५० फेरे लागतात. पार्कमधल्या ५२ मि.मी. चाकाला तेवढ्याच अंतरासाठी ६,१०० हून अधिक. मोठे चाक हळू फिरूनही तेवढेच अंतर कापते आणि एकदा लागलेला वेग जास्त वेळ टिकवते. लहान चाक पटकन वेग घेते आणि पटकन गमावतेही. याहून मोठा फरक अडथळ्यांचा. रस्त्यावर पाच मि.मी. उंचीचा खडा असेल तर तो ५२ मि.मी. चाकाच्या त्रिज्येच्या जवळजवळ पाचवा हिस्सा भरतो, ८५ मि.मी. चाकाच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. पहिले चाक अडते, दुसरे चढून जाते. काँक्रीट रस्त्यांचे सांधे, गतिरोधकांच्या पट्ट्या, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेले चर या सगळ्यांना हाच नियम लागू.

मग सर्वांनीच मोठी चाके का लावू नयेत? चाक वाढले की फळी उंच होते. रस्त्यावर ढकलताना उभ्या पायाचा गुडघा दर वेळी जास्त वाकवावा लागतो आणि वळताना तोल अस्थिर होतो. शिवाय तीव्र वळणावर चाक फळीच्या खालच्या बाजूला घासते. याला व्हील बाइट म्हणतात. तसे झाले की ते चाक क्षणात थांबते आणि चालवणारा वेगासकट पुढे जातो. चाके बदलल्यावर बोर्डावर उभे राहून, एका बाजूला पूर्ण भार देऊन चाक कुठे टेकते का हे रस्त्यावर उतरण्यापूर्वीच पाहावे. टेकत असेल तर ट्रक आणि फळी यांच्यामध्ये रायझर नावाची जाड चकती घालावी किंवा लहान चाक घ्यावे. ज्या फळ्यांना चाकांजवळ कापून जागा ठेवलेली असते किंवा ट्रक आरपार बसवलेले असतात, त्यांना ही अडचण कमी येते.

व्यास आणि कडकपणा यांच्यानंतर पाहायची ती रस्त्याला टेकणारी रुंदी आणि कडेचा आकार. शाळेतल्या भौतिकशास्त्रात घर्षण पृष्ठफळावर अवलंबून नसते असे शिकवतात, पण युरेथेन तो नियम काटेकोर पाळत नाही. भार जास्त रुंदीवर पसरला की दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब कमी होतो आणि एकूण पकड वाढते. उतारावर शर्यत लावणाऱ्यांची चाके म्हणूनच पाच-साडेपाच से.मी. किंवा त्याहूनही रुंद असतात, आणि त्यांच्या कडा सरळ काटकोनात कापलेल्या असतात. तीक्ष्ण कड आडव्या जोराला शेवटपर्यंत तोंड देते. त्याची किंमत अशी की ती सुटते तेव्हा अचानक सुटते. गोल कडेचे, अरुंद टेकणारे चाक आधीच सैल धरते आणि हळूहळू घसरू लागते. पायांना सूचना मिळते. स्लाइड शिकणाऱ्याला गोल कड लागते ती या कारणाने. नव्या चाकाचा पृष्ठभाग चकचकीत असेल तर पहिल्या काही घसरणी बेभरवशाच्या होतात. कारखान्यातच घासून खरखरीत केलेली चाके पहिल्या दिवसापासून सारखी वागतात, आणि नवशिक्याने तीच घेणे चांगले.

चाकाच्या आत प्लास्टिकचा कडक गाभा असतो, ज्यात बेअरिंग बसते. गाभा मोठा असेल तर चाक कमी दबते आणि घसरण एकसारखी होते. लहान असेल तर युरेथेनचा थर जाड राहतो आणि खडबडीत रस्ता सुसह्य होतो. बेअरिंग अगदी मध्यावर असेल तर आतल्या बाजूला भरपूर युरेथेन राहते, पकड वाढते आणि चाक उलटे करून बसवता येते. ट्रककडच्या कडेला सरकलेले असेल तर चाक सहज घसरते, पण ते एका बाजूने तिरपे झिजते आणि उलटताही येत नाही. दोन्हींच्या मधली बैठकही मिळते. एकाच चाकाकडून थोडे थोडे सगळे हवे असेल तर ती बरी.

स्लाइडविषयी लिहिताना एक गोष्ट ठळकपणे मांडायला हवी. ती कसरत म्हणून पाहिली जाते, व्हिडिओंमध्ये तशीच दिसते, पण मुळात ती ब्रेक आहे. लाँगबोर्डला ब्रेक नसतो. सपाटीवर पाय घासून थांबता येते. तीव्र उतारावर पायाचा उपयोग संपतो आणि बोर्ड आडवा घालून चाके घासणे हाच मार्ग उरतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या टेकड्यांवर क्लिफ कोलमन यांनी रुळवलेली, खाली बसून एक हात रस्त्याला टेकवून घ्यायची स्लाइड आजही पहिला धडा म्हणून शिकवली जाते. त्यासाठी तळव्यावर कडक प्लास्टिकची चकती लावलेले हातमोजे लागतात. ज्याला कोलमन स्लाइड येत नाही त्याने श्यामला हिल्सच्या उतारावर बोर्ड नेऊ नये, चाक कुठलेही असो.

घसरताना चाक थोडे फिरत राहिले पाहिजे. बोर्ड पूर्ण नव्वद अंशांत आडवा गेला आणि चाके फिरायची थांबली, तर रस्त्याला लागलेला एकच भाग घासला जातो आणि तिथे सपाट चकंदळ पडते. मग ते चाक प्रत्येक फेऱ्याला ठक-ठक वाजत राहते आणि पुढच्या घसरणीत त्याच जागी अडकते. कडक चाकांत हा धोका अधिक. फार मऊ, हलक्या युरेथेनचे दुसरे दुखणे म्हणजे लचके तुटणे. झीज सगळ्या चाकांवर सारखी होत नाही, म्हणून पुढची चाके मागे आणि डावीकडची उजवीकडे अशी अधूनमधून फिरवावीत. जे खूप स्लाइड करतात त्यांनी चाके ही सायकलच्या ब्रेकपॅडसारखी खपायची वस्तू धरूनच खर्चाचा विचार करावा.

चालवणाऱ्याचे वजन हिशेबात धरले जात नाही, आणि ती मोठी उणीव आहे. ४५ किलोच्या मुलाखाली जे चाक कडक आणि निसटते वाटते, तेच ८५ किलोच्या माणसाखाली मऊ पडते. वजनदार माणसाने पुढे सुचवलेल्या कडकपणाहून दोन-तीन अंक वर आणि हलक्याने तेवढेच खाली जावे. हवामानाचेही तसेच. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशीपार जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते आणि युरेथेन जरा मऊ होते. जानेवारीच्या पहाटे तेच चाक कडक, निसटते होते. दुपारी जमलेली स्लाइड सकाळी तशीच होईल असे धरून चालू नये. जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर कुठलेही चाक धरत नाही. शिवाय पाणी बेअरिंगमध्ये शिरून गंज चढतो. पावसाळ्यात बोर्ड घरात ठेवावा.

बेअरिंगची चिंता मात्र फार करू नये. जवळजवळ सर्व चाकांत ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते: बाहेरचा व्यास २२ मि.मी., आतले भोक ८ मि.मी., जाडी ७ मि.मी. लहान मोटरी आणि यंत्रांतही हेच माप चालते, त्यामुळे ते साध्या बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकते. डबीवरचा ‘एबेक’ आकडा घडणीची अचूकता सांगतो, बोर्ड किती पळेल ते नव्हे. दोन बेअरिंगांमधली नळी, म्हणजे स्पेसर, काढून टाकू नये. तिच्यामुळे नट आवळल्यावर बेअरिंगांवर वाकडा दाब येत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. व्हीआयपी रोड, भेल वसाहत, कॉलेजच्या आवारातली ये-जा एवढेच करायचे असेल तर ७० ते ७५ मि.मी., ७८ ए, मधली किंवा किंचित गोल कड पुरेशी आहे. जुन्या शहरातून जायचे असेल किंवा रोज पाच-सात किलोमीटर अंतर असेल तर ८० ते ८५ मि.मी. पर्यंत जावे, मात्र व्हील बाइट तपासूनच. स्लाइड शिकायची असेल तर ६५ ते ७० मि.मी., ८० ते ८३ ए, गोल कड, घासलेला पृष्ठभाग. वेगाने उतरण्यासाठीची ७० ते ७५ मि.मी. ची रुंद, चौकोनी कडेची, ७६ ते ८० ए ची चाके ज्यांना स्लाइड पक्की येते त्यांच्यासाठीच आहेत, आणि तीही वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर. भोपाळच्या टेकड्यांवरचे रस्ते दिवसभर वाहते असतात. सरावासाठी बंद आवारातला छोटा उतार शोधावा आणि वळणावर दोन्ही टोकांना माणूस उभा करावा.

पहिला आणि एकच संच घ्यायचा असेल तर ७० मि.मी., ७८ ते ८० ए, गोल कडेचा घ्यावा. तो व्हीआयपी रोडवर चांगला चालतो, बारीक खडे सोसतो आणि सवय झाली की घसरवताही येतो. त्यातून वाचलेले पैसे हेल्मेट आणि स्लाइडच्या हातमोज्यांवर आधी खर्च करावेत, दुसऱ्या चाकांवर नंतर.